क्लब आमच्यावर

शुक्रवार, ५ सप्टेंबर. सोहार, ओमान

तरी भीमसिंगचं तेच! म्हणे, तुले निवडलं नाही बे, एक माणूस कमी पडला म्हणून उभा केला. मी म्हटलं, मैदानावर पाणी मारणारे अजून तिघं होते, त्यायले काहून नाही बोलावलं? तर म्हणे, त्यायचे पाइप चालू होते, तुह्याच बंद होता.

हा माणूस दिग्रसकडच्या तांड्यावरचा. खोलीत माझ्या वरच्या पलंगावर झोपतो आणि वरूनच बोलतो. आजपासून त्याच्याशी क्रीडा या विषयावर बोलणे बंद.

खरी हकिगत अशी. इंटरनॅशनल शाळेच्या मैदानाला पाणी मारायला कंपनी मला पाठवते. तिथं आयर्लंडची सहा माणसं खेळत होती. खेळ फुटबॉलचा, पण बॉल हातानंही धरतात. बॉल माझ्याकडं आला. मी मारेगावचा कबड्डीवाला. दोन्ही हातांनी धरला आणि असा हाणला की थेट शाळेच्या टाकीवर. त्यांची मॅडम पळत आली. वाटलं, आता नोकरी गेली. तर तिनं मला एका जागेवर नेऊन उभं केलं. मी उभा राहिलो. खेळ संपेपर्यंत तिथंच राहिलो. जाताना म्हणाली, ग्रँड.

ग्रँड! नववीत तीनदा बसलो, एका मास्तरनं आपल्याला ग्रँड म्हटलं नाही.

संकल्प: रोज पहाटे पळणे. ही वही शुद्ध भाषेत लिहिणे. राग आला तर वऱ्हाडी निघेल, त्याला इलाज नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

पळालो नाही. पहिल्याच दिवशी शरीरावर ताण देऊ नये.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मॅडमच्या बॅगेवर तिचं नाव आहे. एकेक इंग्रजी अक्षर जुळवून वाचलं. नियम. बाकीचे तिला नीव म्हणतात. ज्यांना वाचता येत नाही ते काहीही म्हणोत. शाळेत मास्तरीण आहे, क्लब तिनंच काढला, शिट्टी तिच्याच गळ्यात असते. नावाप्रमाणे बाई आहे.

क्लबाचं नाव सोहार हार्प्स. दुसरंच वर्ष. अजून एकही मॅच जिंकलेले नाहीत. म्हणजे माझी गरज त्यांना किती, हे सांगायला नको.

खेळ सोपा आहे. दोन्ही टोकांना इंग्रजी एच उभा केलेला. एचच्या खालून बॉल गेला तर तीन, वरून गेला तर एक. मी मॅडमला विचारलं, खालून तीन मिळतात तर वरून कोण कायले मारते? त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि परत तोंडात घातली. त्यांना हे कोणी विचारलं नसावं.

मुख्य गोष्ट. वणीचा मंदार पण तिथं येतो. आमच्याच कंपनीत हिशेब पाहतो, वडील मधुसूदन वकील, घरातले सगळेच शिकलेले. पोट कमी करायला खेळतो. जनरेटरजवळ उभा होता, तिथं जाऊन मानधनाचं विचारलं. म्हणाला, कपिल, आधीच सांगतो, नंतर गैरसमज नको. हा क्लब आमच्यावर आहे. मी म्हटलं, पूर्ण? म्हणाला, पूर्ण. हा खेळच पहिल्यापासून आमच्यावर आहे. तिकडं आयर्लंडमध्ये फायनलला ऐंशी हजार माणूस बसतं, तरी आमच्यावर.

मी त्याचा हात हातात घेतला. घरंदाज माणूस. आवाजही चढवला नाही.

भीमसिंगला सांगितलं (बोलणे बंद होते, पण बातमी मोठी होती). तो पलंगावरून डोकं खाली काढून म्हणे, ऐंशी हजार माणसाचा खर्च मंदारवर? त्याचा बाप वणीच्या कोर्टात हाय का लंडनच्या? मी म्हटलं, वकिलाचा पैसा दिसत नसतो. म्हणे, भिया, तुहं डोस्कंही दिसून नाही राह्यलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

जर्सी मिळाली. हिरवी. छातीवर हार्प, म्हणजे त्यांच्याकडची वीणा. फोटो घरी पाठवला. माय रडलीच. म्हणे, पोरानं शाळा सोडली पण सरस्वतीनं पोराले नाही सोडलं.

आता दिपालीचा विषय. मे महिन्यात सुट्टीवर गेलतो तेव्हा राजूरला पोरगी पाहायला गेलो होतो. वडील विठ्ठलराव, कोळशाच्या खाणीत परमनंट. पोरगी वणीला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. चष्मा आहे. सगळ्यांदेखत तिनं मला विचारलं, तिकडं तुम्ही नेमकं काय करता? मी म्हटलं, ग्रीनरी. ती हसली. चहाची बशी हातात होती, ती हलली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

विठ्ठलरावांचं मात्र एकच. पोरगा परमनंट हाय का ठेकेदारीत? राजूरला माणूस मेला तरी आधी हेच विचारतात. चार महिने बाबा त्यांना काय सांगावं ते सांगत नव्हते. आज मी सांगितलं. म्हटलं, सांगा, फॉरेनच्या फुटबॉल क्लबात लागला. बाबांनी विचारलं, क्लब कोणावर? मी म्हटलं, आपल्या वणीच्या मंदारवर. त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं, आमच्यावर हाय म्हणून.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

जमलं!

बैठक झाली. फोनवरून ऐकलेलं लिहितो. विठ्ठलराव म्हणाले, क्लब कोणाचा? बाबा म्हणाले, आमच्यावरच समजा, आमच्या तालुक्याच्या जवळचाच माणूस हाय. मग विठ्ठलराव म्हणाले, तर साक्षगंधाचं जेवण कोणावर? पंधरा माणसं बसलेली. बाबांच्या तोंडात तोच शब्द होता. आमच्यावर!

म्हणजे साखरपुड्याचं जेवण पोरीकडचे देतात, तो रिवाज मोडून ते आमच्यावर. तीनशे माणूस. सात डिसेंबर, वणीचा हॉल. बाबांनी मला विचारलं, जमन ना? मी म्हटलं, बाबा, बुंदी ठेवा आणि जिलबी पण ठेवा.

दिपालीचा मेसेज आला. काँग्रॅच्युलेशन्स, कोणत्या पोझिशनला खेळता? मी लिहिलं, उभ्या.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फोरमनला तोंडावर सांगितलं, शुक्रवारचा ओव्हरटाइम यापुढं जमणार नाही, प्रॅक्टिस असते. तो म्हणे, पैसा नाही मिळेल. मी हसलो. त्याला काय माहीत, क्लब कोणावर आहे.

आज सराव मॅच. एक गडी बॉल घेऊन माझ्या अंगावर आला. आपलं रक्त कबड्डीचं. मी खाली बसून त्याचा घोटा धरला आणि पकड सोडली नाही. तो पडला, मी धरलेलाच. शिट्टी वाजली तरी धरलेला. चार जणांनी सोडवलं. नियम मॅडम म्हणाल्या, कपिल, नो अँकल. मी म्हटलं, अंकल नाही मॅडम, तरुणच आहे तो.

शेवटी विचारलं, कसा खेळलो? म्हणाल्या, ग्रँड.

त्याच दमात त्या पंक्चर झालेल्या टायरलाही ग्रँड म्हणाल्या आणि थंड झालेल्या चहालाही. बाईला मराठी माणसासारखा अहंकार नाही, सगळ्यांचं कौतुक करते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मारेगाव शाखेचा प्लॅन तयार. बाबांना सांगून शाळेच्या मैदानावर बांबूचा एच उभा केला. एकच झाला, दुसऱ्याला बांबू पुरला नाही. गावात विचारतात, काय होय हे? बाबा सांगतात, कपिलचं होय. काल कोणीतरी त्यावर कापसाच्या बियाण्याचं बॅनर लावलं. स्पॉन्सर आपोआप येऊन राह्यले.

संकल्प: पहाटे पळणे (सोमवारपासून).

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

बंदराच्या कामावर आयर्लंडचे चार नवे इंजिनिअर आले. चौघंही लहानपणापासून हाच खेळ खेळलेले. क्लबात आता आयर्लंडचीच दहा माणसं झाली.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून बोलल्या, म्हणजे काहीतरी मोठं होतं. मस्कतच्या स्पर्धेसाठी प्रत्येक क्लबानं एक अंपायर द्यायचा असतो. भरवशाचा माणूस पाहिजे. मी इकडं तिकडं पाहिलं. मीच होतो.

बढती. खेळाडू कितीही असतात, अंपायर एकच.

पांढरा कोट मिळाला. एचजवळ उभं राहायचं. बॉल खालून गेला तर हिरवा झेंडा, वरून गेला तर पांढरा. फोटो घरी पाठवला. बाबांनी तो विठ्ठलरावांना पाठवला. विठ्ठलराव म्हणाले, दवाखान्यात लागला का? परमनंट?

भीमसिंग: आता तुले टीमच्या बाहेर काढलं, हे तरी दिसून राह्यलं का? मी म्हटलं, रेल्वेत झेंडा कोणाच्या हातात असते? गार्डच्या. त्याच्याबिगर गाडी हालते का? तर म्हणे, गार्ड डब्यात बसते भिया, तुले तर फाटकाजवळ उभं केलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळी झाली. घरी पैसे पाठवले नाहीत, ओव्हरटाइम नसल्यानं उरले नाहीत. बाबांना म्हटलं, एकदमच पाठवतो, हॉल, आचारी, सगळ्याचे. तोपर्यंत सांगून ठेवा. ते म्हणाले, सांगूनच तर ठेवलं बाप्पा.

मैदानावर फक्की मारायचं कामही आता माझ्याकडं. पाणी तर आहेच. मॅडम म्हणतात, तुझ्याशिवाय क्लब चालणार नाही. मॅचनंतर सगळे हॉटेलात जातात. मला बसवाला कॅम्पवर सोडतो. अधिकाऱ्यानं खेळाडूंमध्ये जास्त मिसळू नये.

दिपालीशी बोललो. तिनं विचारलं, पगार क्लब देते का कंपनी? मी म्हटलं, सध्या कंपनी, पुढं क्लब. पुढं म्हणजे कधी? मी म्हटलं, रेंज जाऊन राह्यली. रेंज चांगली होती.

क्लबाच्या पेजची लिंक तिला पाठवली. पाहू दे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज मंदारनं मला गाठलं. म्हणाला, कपिल, तेवढी वर्गणी दे. पंचवीस रियाल.

मी म्हटलं, कोणती वर्गणी? म्हणाला, मेंबरशिप, सगळेच देतात. मी हसत म्हटलं, मंदारभाऊ, मजाक नका करू, तुम्हीच सांगतलं ना, हा क्लब आमच्यावर हाय म्हणून.

 तो तिथंच फक्कीच्या पोत्यावर बसला. म्हणाला, अरे देवा. मी अमॅच्युअर म्हणालो होतो. अ, मॅ, च्यु, अर! हौशी! पैसे न घेता खेळतात असा क्लब! आमच्यावर कसा असेल? माझ्या फ्लॅटचं भाडं माझ्यावर नाही!

मी म्हटलं, जनरेटर चालू होता.

म्हणाला, जनरेटर चालू होता, मान्य. पण तुझं डोकं?

 सात डिसेंबर, तीनशे माणूस, बुंदी आणि जिलबी, हे सगळं त्याला सांगितलं. तो पोत्यावरून उठला आणि म्हणाला, साक्षगंधाला मला बोलावू नकोस, मला बघून विठ्ठलराव बिल देतील.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विचार केला. पैसे घेऊन कोणीही खेळतो. पैसे देऊन खेळतात तो खेळ किती मोठा असेल! मोठ्या माणसांचे जिमखाने असेच असतात. पंचवीस रियाल पगारातून कापायला सांगितले.

घरी एवढ्यात काही बोलायचं नाही. पुढच्या शुक्रवारी मस्कतला स्पर्धा. हार्प्स जिंकले तर बक्षीस असेल, बक्षिसात अंपायरचा हिस्सा असेल. नसेल तर नाव होईल. नाव झालं की विठ्ठलराव जेवणाचं विसरतील.

भीमसिंगला म्हटलं, तुहा काय विचार? तो पहिल्यांदाच खाली उतरून माझ्या पलंगावर बसला. म्हणे, भिया, जत्रेत तीन तऱ्हेचे लोक येतात. हौशे, नवशे, गवशे. थे गोरे हौशे. तू लग्नाचा नवस करून नवशा. पण जत्रेत गवसलं कोणाले काही? फोन कर पोरीले. खरं सांग.

मी म्हटलं, मॅच झाल्यावर.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. मस्कत

हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

मॅच मस्कतच्या क्लबाशी. दोन्हीकडं स्कोअर सारखा. शेवटचं मिनिट. आमच्या नव्या इंजिनिअरनं लांबून बॉल मारला. बॉल उंच आला आणि माझ्या खांबाच्या बाहेरून गेला. वाइड. मी नियमाप्रमाणं दोन्ही हात पसरले. दुसऱ्या खांबाजवळचा अंपायर त्या वेळी मोबाइलवर फोटो काढून राह्यला होता. सगळी जबाबदारी माझ्यावर.

आता वाइड झाला की बॅटिंगवाल्याला एक रन एक्स्ट्रा मिळतो. हे मारेगावच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी पांढरा झेंडा हलवला. एक.

रेफरी लांब होता, त्यानं शिट्टी मारली. सोहार हार्प्स एका पॉइंटनं जिंकले! क्लबाच्या इतिहासातली पहिली मॅच! नियम मॅडम जमिनीवर बसून रडायला लागल्या. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही हात पसरले. कोणी आलं नाही. परत वाइड.

मग मस्कतचा गोलकीपर ओरडत आला. रेफरीनं मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं, वाइडचा एक. रेफरी म्हणाला, व्हॉट? मी म्हटलं, एक्स्ट्रा. मंदारला बोलावलं. त्यानं सगळं इंग्रजीत समजावलं आणि समजावता समजावता स्वतःच तोंड झाकून घेतलं.

पॉइंट काढून घेतला. जादा वेळ खेळवला. त्यात आम्ही हरलो. किती गोल, ते लिहीत नाही.

परतीच्या बसमध्ये मॅडमजवळ गेलो. सॉरी म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, इट्स ग्रँड, कपिल.

त्या शब्दाचा अर्थ मला आज कळला. चालतंय, जाऊ दे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

फोन मी करणारच होतो. दिपालीचा आधी आला. व्हिडिओ. दुकानात बसलेली, मागं कोणाचं तरी जातीच्या दाखल्याचं काम चालू.

म्हणाली, व्हिडिओ पाह्यला मी. मी म्हटलं, कोणता? म्हणाली, दोन वेळा हात पसरले तो. राजूरमध्ये सगळ्यायनं पाह्यला. बाबायनं तर मोठ्या टीव्हीवर लावून पाह्यला.

मीच पाठवलेली लिंक. तिनं पेज वरपासून खालपर्यंत वाचलं होतं. म्हणाली, अमॅच्युअर लिहून हाय. खाली लिहून हाय, कोणीही या, अनुभवाची गरज नाही. तुम्ही तर म्हणत होते, निवड झाली.

मी म्हटलं, ऐकण्यात चूक झाली. शब्द सारखाच आहे, अमॅच्युअर, आमच्यावर.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, दोन महिने झाले मी ईचारून राह्यली, पगार कोण देते. एका टायमाले तरी सांगायचं होतं, मी पाणी मारतो म्हणून. पाणी मारणाऱ्याले मी नाही म्हटलं असतं का? मे महिन्यातच समजलं होतं मले, ग्रीनरी म्हणजे पाइप. म्हणून तर हसली होती. हो म्हटलं होतं ना तरी?

 मी म्हटलं, जेवण मात्र आमच्यावरच.

म्हणाली, माह्या बापाले परमनंट पाह्यजे. मले खरं बोलणारा पाह्यजे. तुमच्यात दोन्ही नाही. हौसेले मोल नसते म्हणतात, थे खरं हाय. तुम्हाले कोणी काही देऊन नाही राह्यलं, तरी तुम्ही खोटं बोलून राह्यले.

मागून कोणीतरी विचारलं, ताई, दाखला कधी भेटन? तिनं त्याला तारीख सांगितली. मला सांगितली नाही.

 

सोमवार, १ डिसेंबर

फोरमनकडं गेलो. म्हटलं, शुक्रवारचा ओव्हरटाइम करतो. म्हणे, तुझ्या जागेवर दुसरा घेतला.

पहाटे पळालो. बसथांब्यापर्यंत. बस गेली होती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

शाळेच्या मैदानावर पाणी मारलं. हार्प्सची प्रॅक्टिस चालू होती. अकरा माणसं. बॉल माझ्याकडं आला, मी पाइप बंद केला नाही. पायानं परत ढकलला. मॅडमनी अंगठा दाखवला.

संध्याकाळी मायचा फोन. आधी बाकीचं सगळं बोलली. तूर फुलावर आहे, एचवरचं बॅनर वाऱ्यानं फाटलं, बांबू बाबांनी गोठ्याला लावले. मग म्हणाली, सातव्या तारखेचं साक्षगंध होऊन राह्यलं.

मी म्हटलं, कोणाचं?

विठ्ठलरावांनी हॉल सोडला नाही. हॉल तोच, आचारी तोच, तारीख तीच, बुंदी आणि जिलबी पण तीच. पोरगा तेवढा बदलला. राजूरचाच, खाणीत. मी विचारलं, परमनंट? माय म्हणाली, हो. मी विचारलं, खरं बोलणारा हाय का? माय म्हणाली, थो बोलतच नाही बाप्पा.

आपल्या घरी बोलावणं आलं आहे. बाबा म्हणतात, जाणं भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील मनात धरलं. विचार केला तर हे बरोबरच आहे. जाणं येणं राहिलं म्हणजे संबंध राहिले. उद्याचं कोणी पाहिलं? खाणी काय, बंद पण पडतात.

जेवण कोणावर, ते विचारून घेतलं. माय म्हणाली, जेवण त्यायच्यावर. आहेर तेवढा आमच्यावर.

पाठवून राह्यलो. पाचशे एक रुपये.